चावणारा जोडा : स्केटच्या इतिहासांतील एक प्रकरण

नवा जोडा चावतो, ही तक्रार ज्यानें कधींच केली नाहीं असा मनुष्य विरळा. नवी करकरीत वहाण घरीं आली, कीं तिला दोन दिवस तेल पाजावें, ती थोडी थोडी वागवावी, आणि अंगठ्यापाशीं फोड आला तर मुकाट्यानें सोसावा, हा आपल्याकडील घरोघरचा परिपाठ. परंतु या त्रासाचा कळस पाहावयाचा असेल, तर जेथें नद्या आणि तळीं हिवाळ्यांत गोठून जातात अशा उत्तरेकडील देशांकडे वळलें पाहिजे. बर्फावरून घसरत जाण्यासाठीं तळाशीं पोलादी पातें बसविलेला जो बूट तेथें वापरतात, तोच स्केट. हा बूट नवा असतां इतका ताठ असतो, कीं तो पायांत रुळविणें हा खेळाडूचा एक स्वतंत्र उद्योगच होऊन बसतो. मौज अशी, कीं स्केट हें साधन कांहीं हजार वर्षांचें जुनें आहे. त्याचें चावणें मात्र सुमारें दीडशेंच वर्षांचें आहे.

सर्वांत जुने स्केट हाडांचे होते. घोडा, बैल अशा जनावरांच्या पायाचें लांब हाड घ्यावयाचें, त्याची एक बाजू घासून सपाट करावयाची, आणि तें वादीनें नेहमींच्या पादत्राणाखालीं बांधावयाचें. अशीं हाडें स्कँडिनेव्हिया, हॉलंड, इंग्लंड येथील उत्खननांत पुष्कळ सांपडलीं आहेत. बाराव्या शतकांतील विल्यम फिट्झस्टीफन या धर्मोपदेशक लेखकानें लंडनचें वर्णन करतांना या खेळाचीही हकीकत दिली आहे. शहराच्या उत्तर तटाबाहेरील दलदल गोठली, कीं तरुण लोक पायांखालीं हाडें बांधून, हातांत लोखंडी टोंकाची काठी घेऊन, पांखरासारखे सुटत, आणि एकमेकांवर आदळून हातपायही मोडून घेत. यांतील काठीकडे विशेष लक्ष द्यावें. हाडाला धार नसते, म्हणून पायानें बर्फाला रेटा देतां येत नाहीं. रेटा काठीनें द्यावयाचा, आणि पायांनीं नुसतें शरीर तोलून धरावयाचें. अशा पायांत जोडा कसाही असला तरी भागतें.

तेराव्या-चौदाव्या शतकांत हॉलंडमधील कारागिरांनीं लांकडाच्या तळव्याला लोखंडी पातें बसविलें, आणि सारा प्रकार पालटला. पात्याचा कांठ बर्फांत रुततो. पाऊल तिरपें धरून बाजूला रेटा दिला कीं शरीर पुढें जातें. काठी गळून पडली आणि हात मोकळे झाले. हॉलंड हा कालव्यांचा देश. हिवाळ्यांत गोठलेला कालवा हाच तेथील रस्ता. १३९५ च्या सुमारास स्कीडाम गांवची लिडविना नांवाची मुलगी बर्फावर पडून जन्माची अंथरुणाला खिळली. तिला पुढें संतपद मिळालें. १४९८ मध्यें छापलेल्या तिच्या चरित्रांतील चित्रांत मागें एक मनुष्य एका पायावर तोल सांवरून सफाईनें चाललेला दाखविला आहे. काठी त्याच्याजवळ नाहीं. लंडनच्या सेंट जेम्स बागेंतील तळ्यावर १ डिसेंबर १६६२ रोजीं सॅम्युएल पेपिसनें अशा लोकांना आयुष्यांत प्रथमच पाहिलें, आणि ही कला त्याच्या मनांत भरली.

पाय जसा काम करूं लागला, तसा त्याच्यावर भारही आला. पात्याच्या कांठावर कललें असतां सारा ताण घोट्यावर येतो, आणि पातें जर नुसत्या वाद्यांनीं बांधलेलें असेल तर तें जोड्याखालीं वळतें. वादी ओली होऊन सैल पडते. ती अधिक आवळावी तर आधींच गारठलेल्या पायांतील रक्त अडतें. यावर नाना उपाय झाले. कोणी बुटाच्या टाचेंत भोंक पाडून त्यांत स्केटचा स्क्रू पिळीत. कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत जॉन फोर्ब्स यानें १८६० नंतरच्या दशकांत बुटाला एका झटक्यासरशीं पकडणारा धातूचा चाप काढला. पण बूट तो रस्त्यावरचाच. खेळ संपला, स्केट काढला, खांद्यावर टाकला, आणि त्याच बुटानें घर गांठलें!

ही सोयरीक कायमची जुळविण्याचें श्रेय जॅक्सन हेन्स या अमेरिकन नर्तकाला देतात. बर्फावर नृत्य करावें ही त्याची हौस होती. पण त्या काळीं रूढ असलेल्या ताठर शैलीपुढें त्याच्या नाचाचें स्वदेशांत चीज झालें नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत तो युरोपांत गेला, आणि व्हिएन्नासारख्या संगीतवेड्या शहरानें त्याला डोक्यावर घेतलें. गिरकी घेतांना, खालीं बसून एका पायावर फिरतांना, पातें रेसभरही हलून चालत नाहीं. म्हणून त्यानें तें बुटालाच स्क्रूनीं पक्कें केलें. १८७५ मध्यें फिनलंडमधील गामलाकार्लेबी या गांवीं तो मरण पावला. त्याची शैली पुढें जगानें उचलली. बूट आणि पातें यांची ताटातूट मात्र नृत्याच्या स्केटमध्यें पुन्हां झाली नाहीं.

या विवाहाचा खर्च पायाला सोसावा लागला. पातें हलूं नये तर बूट हलतां कामा नये, आणि बूट हलूं नये तर चामडें कडक पाहिजे. नृत्याच्या स्केटचा बूट अनेक पदरांचा असतो. घोट्याभोंवतीं व टाचेशीं त्याला विशेष ताठपणा दिलेला असतो. घोट्याचें हाड, टाचेची मागली बाजू आणि नाडी आवळते तो पावलाचा माथा, या तीन ठिकाणीं तो बहुधा प्रथम चावतो. जुने खेळाडू पायमोजा कोमट पाण्यांत भिजवून पिळीत, त्यावर बूट चढवीत, आणि चामड्याला पावलाचा आकार शिकवीत. पात्यावर कवच घालून घरांत हिंडावें, बर्फावर पहिले दिवस थोडाच वेळ उतरावें, वरचे आंकडे मोकळे ठेवून गुढघे वांकवीत राहावें, म्हणजे घोट्यापुढें चामड्याला योग्य जागीं घडी पडते, असा हा क्रम. ती घडी एकदां पडली कीं कायमची. वांकडी पडली तर बूट फुकट. पातें देखील प्रथम मोजक्याच स्क्रूंवर बसवितात, खेळाडू सरळ जातो कीं एका बाजूला ओढला जातो हें पाहतात, आणि मगच उरलेले स्क्रू पिळतात. इतकें करून बूट मऊ झाला, तर तो फार मऊ होण्याची वेळही फार लांब नसते, आणि असा बूट घोटा सांवरीत नाहीं. खेळाडूला सुख देणारा काळ या दोहोंच्या मधला!

नॉर्वेच्या सोन्या हेनीनें १९२८, १९३२ आणि १९३६ अशीं तीन ऑलिंपिक सुवर्णपदकें मिळविलीं, आणि स्त्रियांत पांढऱ्या बुटाची आवड पसरविली. रंग बदलला, ताठपणा नव्हे. उलट उड्या वाढल्या तसा तोही वाढला. १९८८ मध्यें बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेंत कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगनें हवेंत चार गिरक्या घेऊन पाय टेंकला. उडीवरून उतरतांना एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट आघात येतो. घोटा मोकळा असता तर त्याचा कांहीं भाग त्यानें गिळला असता. ताठ बुटांत तो गुढघा, कंबर आणि पाठ यांच्याकडे जातो. म्हणूनच अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनीं या शतकाच्या आरंभीं घोट्याशीं बिजागरी असलेला बूट तयार केला. तो बाजूला ताठ राहतो आणि पुढें वांकतो. तर्कशुद्ध अशी ही युक्ति. पण खेळाडूंत ती रुजली नाहीं. सवयीचा ताठपणा त्यांना अधिक भरंवशाचा वाटला असावा.

दुसरा उपाय मात्र चांगलाच रूढ झाला. अलीकडे पुष्कळ बूट भट्टींत कांहीं मिनिटें तापवून, गरम असतांनाच पायांत चढवून बसवितात. पायानें बुटाला शरण जावें याऐवजीं बुटानें पायाला शरण जावें, अशी ही उलटी चाल आहे. फोड त्यानें कमी झाले. रुळविण्याचे दिवस घटले, संपले नाहींत. खरी अडचण लहान मुलांची. त्यांचा पाय वर्षा-दोन वर्षांतच पुढच्या मापाला जातो, आणि बूट कोठें रुळतो न रुळतो तोंच नवा घ्यावा लागतो. म्हणून कित्येक आईबाप दुसऱ्या मुलानें वापरलेला जोडा घेतात. तो चावत नाहीं हें खरें. पण त्याच्या घोट्यावरची घडी त्या दुसऱ्याच मुलाच्या पायाची असते.