तान्ह्या बाळाच्या अंगावर काळेनिळे डाग : रक्ताचा आजार की मारहाण?

अजून पालथंही न पडणाऱ्या बाळाच्या अंगावर काळानिळा डाग दिसला की घरात कुणी म्हणतं, "लागलं असेल कुठंतरी." नाहीतर थेट बाळाच्या अम्मीवर किंवा सांभाळणाऱ्या बाईवर तोहमत येते. दोन्ही घाईचं आहे. जे बाळ स्वतः हलत नाही, त्याला सहसा आपोआप मार लागत नाही. म्हणून चार महिन्यांच्या आतल्या बाळाचा छोटासा डागही डॉक्टरांना दाखवावा.

जन्मखूण
आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मापासून निळसर-राखाडी चट्टे असतात. ते दुखत नाहीत आणि काही वर्षांत फिके पडतात. मुक्या माराचा डाग मात्र काही दिवसांत रंग बदलून जातो. जन्मावेळीच हे चट्टे कार्डावर लिहून घ्यावेत.

रक्ताचे आजार
हिमोफिलिया मुख्यतः मुलग्यांना होतो, आईकडून येतो. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच तो नसतो. बऱ्याचदा खतन्यानंतर रक्त थांबत नाही तेव्हाच तो कळतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी अंदलुसचे हकीम अल-जहरावी यांनी किरकोळ जखमेनं रक्त वाहून दगावणाऱ्या एका गावातल्या पुरुषांची नोंद केली होती.

फॅक्टर 13 ची कमतरता, ग्लान्झमन असे दुर्मीळ आजार मुलगा-मुलगी दोघांनाही होतात. जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्यांची शक्यता वाढते. नाळेतून बरेच दिवस रक्त येणं ही फॅक्टर 13 ची मोठी खूण.

जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन राहून गेलं, तर पहिल्या सहा महिन्यांत मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. टाळू फुगणं, झटके, उलट्या, सुस्ती दिसली तर लगेच दवाखाना गाठा.

मारहाणीची शंका केव्हा?
कान, मान, गाल, पोट, पाठ इथं डाग. बोटांचे, चिमट्याचे, पट्ट्याचे ठसे. दरवेळी बदलणारी हकीकत. निव्वळ रंगावरून डाग किती दिवसांचा, हे खात्रीनं सांगता येत नाही.

तपासण्या
प्लेटलेटसह रक्ताची तपासणी, पीटी आणि एपीटीटी. हिमोफिलियात सहसा एपीटीटी वाढतं, पीटी नॉर्मल असतं. व्हिटॅमिन के कमी असेल तर पीटी वाढतंच, बहुधा दोन्ही वाढतात. फॅक्टर 13 आणि ग्लान्झमनमध्ये दोन्ही नॉर्मल येतात, म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे" एवढ्यावर थांबू नये. वेगळ्या चाचण्या सांगाव्या लागतात. घराण्यात कुणाचं खतन्यात, दात काढताना किंवा बाळंतपणात जास्त रक्त गेलं असेल, तर तेही सांगा.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : आजार निघाला म्हणजे मारहाण झालीच नाही, असं नाही. आजार असलेल्या बाळालाही कुणी मारू शकतं. म्हणून डॉक्टर दोन्ही बाजू तपासतात. प्रश्न विचारले तर तो अपमान समजू नये.

नागपुरात कुठं जावं?
मेडिकल आणि मेयोच्या बालरोग विभागात दाखवता येतं. डागा रुग्णालयात हिमोफिलिया, सिकलसेल, थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी डे-केअर केंद्र आहे. बाळाला कुणी इजा करतंय अशी शंका असेल, तर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. हिमोफिलिया 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा.

घरात मुलगा असेल आणि नात्यात कुणाला रक्तस्रावाचा त्रास असेल, तर खतन्याआधी ही तपासणी करून घ्या.