परसबागेतील कीडनियंत्रण : सुरक्षिततेच्या कल्पनेचा इतिहास

शेतीच्या इतिहासलेखनात परसबागेला फारसे स्थान मिळालेले नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारे अळू, कुंपणावरचा दोडका, दारची चार वांगी यांवर सारा आकारला जात नसे. साहजिकच दप्तरातही त्यांची नोंद नसे. तथापि कीडनाशकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न जितका तीव्रपणे या तुकड्यात उभा राहतो, तितका तो मोठ्या शेतातही राहत नाही. येथे फवारणारा, तोडणारा आणि खाणारा एकच असतो.

पूर्वीचे उपाय निर्धोक होते व विष नंतर आले, अशी मांडणी नेहमी केली जाते. ती अर्धीच खरी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील वृक्षायुर्वेद प्रकरणात रोगट भाग शस्त्राने काढून त्यावर वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप सांगितला आहे. चुलीतील राख वेलींवर धुरळणे, अळ्या हाताने वेचणे हे उपायही तसे निरुपद्रवीच होत. राखेचे कण मऊ अंगाच्या किडीला चिकटतात व पानही तिला खाण्याजोगे राहत नाही; मात्र पावसाच्या एका सरीने ही राख धुऊन जाते. हे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे असे, म्हणूनही त्याची नोंद झाली नसावी. परंतु तंबाखूचा काढा याच परंपरेतला आहे आणि त्यातील निकोटिन हे तीव्र विष आहे. निकोटिन सल्फेटच्या वापरावर भारतात 1992 मध्ये बंदी घालण्यात आली. तेव्हा वनस्पतिजन्य म्हणजे सुरक्षित, हे समीकरण टिकत नाही.

डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण पाउल म्यूलर यांनी 1939 मध्ये शोधला व त्यासाठी त्यांना 1948 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे डी.डी.टी. व बी.एच.सी. यांची भुकटी शेतातून घरात आली. मुंग्यांसाठी उंबऱ्यावर टाकलेलीच पावडर भेंडीवरही पडू लागली. 1958 मध्ये केरळात जहाजातून आलेल्या धान्यमालात पॅराथिऑन मिसळल्याने शंभरावर माणसे दगावली. या घटनेनंतर सुरू झालेल्या विचाराची परिणती 1968 च्या कीटकनाशक कायद्यात झाली. शेतीतील डी.डी.टी.चा वापर 1989 मध्ये थांबविण्यात आला, बी.एच.सी.वर 1997 मध्ये बंदी आली आणि एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या आदेशाने थांबले.

ही सारी चौकट शेत डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. मात्रा हेक्टरी दिलेली असते. चार कुंड्यांसाठी ती झाकणाने अंदाजे मोजली जाते आणि उरलेले औषध खाद्यपदार्थांच्या रिकाम्या बाटलीत जाते. याहून अवघड अडचण प्रतीक्षा कालावधीची आहे. फवारणीनंतर ठरावीक दिवस तोडणी करू नये, असा दंडक असतो. भेंडी मात्र दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर ती जून होते. म्हणजे सूचना वाचणाऱ्यालाही ती पाळणे जड जाते. कायद्यातील ही उणीव आजवर पुरेशी चर्चिली गेलेली नाही.

कडुनिंबाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 च्या सुमारास निंबोळीच्या गराचे द्रावण टोळांना पिकापासून परावृत्त करते, हे दाखविले. 1968 मध्ये त्यातील अॅझाडिरॅक्टिन वेगळे करण्यात आले. निंबतेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर एका अमेरिकन कंपनीला व अमेरिकेच्या कृषी विभागाला 1994 मध्ये मिळालेले युरोपीय पेटंट 2000 मध्ये रद्द झाले व 2005 मध्ये तो निर्णय कायम झाला. पेटंटच्या या वादाला जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढी अर्क करण्याच्या रीतीला मिळाली नाही. रीत साधी आहे : लिटरभर पाण्यामागे 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा साबण मिसळावा. अॅझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होते, म्हणून फवारणी सायंकाळी करावयाची. अळी तत्काळ मरत नाही. तिचे खाणे मंदावते व कात टाकण्याची क्रिया बिघडते. भुकटीच्या झटपट परिणामाला सरावलेल्या माणसाला हा उपाय निष्प्रभ वाटतो, आणि दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा दुकानाकडे वळतो.