कान वाजणे : बमरोलीची लूमखाती आणि शस्त्रक्रियेची मर्यादा

सुरतेच्या दक्षिणेकडचा बमरोली-पांडेसरा पट्टा यंत्रमागांचा. ओडिशा, उत्तर प्रदेशातल्या कामगारांबरोबर खानदेशातून आलेल्या मराठी माणसांनीही इथली लूमखाती चालवली. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो आणि पाळी बहुधा बारा तासांची असते. या माऱ्याने आतल्या कानातील केशपेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. ऐकू येणे कमी होते आणि कान वाजू लागतो. खात्यात ते जाणवत नाही, कारण मागांची खटखट त्यावर पांघरूण घालते. पाळी सुटून अंथरुणाला पाठ टेकली की मात्र तोच नाद डोके वर काढतो. आधी झोप जाते, मागोमाग चिडचिड, धास्ती, खिन्नता येते.

सुश्रुतसंहितेने कानाच्या 28 रोगांत कर्णनाद गणला आहे. पॅरिसचे झाँ इटार यांनी 1821 च्या ग्रंथात हा नाद बाहेरच्या आवाजाने झाकण्याचा उपाय सुचवला. पुढे आशा शस्त्रक्रियेवर बसली. जॉन शी यांनी 1956 मध्ये अमेरिकेत मधल्या कानातील जखडलेले रिकीब हाड काढून तिथे कृत्रिम तुकडा बसवला. या शस्त्रक्रियेने रुग्णांना ऐकू येऊ लागले, अनेकांचा नादही ओसरला. काहींचा तसाच राहिला. श्रवणतंत्रिका कापलेल्या रुग्णांनी तर वैद्यांना चकित केले: कान ठार बहिरा, तरी नाद चालूच. त्याचे मूळ केवळ कानात शोधून भागणार नव्हते.

मग लक्ष मनाकडे वळले. 1984 मध्ये लंडनच्या रिचर्ड हॅलम आणि सहकाऱ्यांनी मांडले की नादाची सवय न होणे हेच खरे दुखणे. 1990 मध्ये पावेल यास्त्रेबॉफ यांनी त्याला मेंदूतील भावनांच्या केंद्रांशी जोडले. 1996 साली आलेली 25 प्रश्नांची चाचणी झोप, राग, हताशा यांविषयी विचारते. सारख्याच तीव्रतेचा नाद एकाला सोसवतो, दुसऱ्याला नाही; म्हणून कानाच्या शस्त्रक्रियेआधी मनाची विचारपूस हवीच.

बमरोलीच्या कामगाराला शस्त्रक्रियेचाही आधार तोकडा. फाटलेला पडदा सांधता येतो, मेलेली केशपेशी नाही. आवाजाने येणारे बहिरेपण 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, घातले गेले होते. पण सुरतेतली अनेक लूमखाती कारखाना म्हणून नव्हे, दुकान म्हणून नोंदलेली आहेत.