ढगांच्या माथ्यावरची वीज

नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘कोलंबिया’ यान दुसऱ्यांदा झेपावलं, तेव्हा जो एंगल आणि रिचर्ड ट्रूली यांच्याबरोबर १६ मिलिमीटरचा एक सिने-कॅमेरा होता. त्याला प्रकाश जोखणारं उपकरण आणि कॅसेट रेकॉर्डर जोडलेला. खिडकीतून कॅमेरा वादळावर रोखायचा. वीज चमकली की तिची खूण टेपवर उमटायची. दिवसा उजेडात डोळ्यांना न दिसणारी वीजही अशी पकडता येणार होती. त्याआधी हवामान उपग्रहांच्या रात्रीच्या चित्रांत विजा आखूड रेघा होऊन आल्या होत्या खऱ्या, पण ते उपग्रह ढग बघायला सोडलेले.

पुढचा धागा जमिनीवरून आला. जुलै १९८९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन विंकलर आणि त्यांचे दोन सहकारी रॉकेट-प्रयोगासाठी आणलेला मंद प्रकाशाचा कॅमेरा तपासत होते. दूरच्या वादळाच्या वर प्रकाशाचे दोन खांब टेपवर उमटले. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९२०च्या दशकातच गडगडाटी ढगांच्या वर असं काही घडू शकेल, असं मांडलं होतं. वैमानिक तर कधीचे सांगत होते. त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

मग नासात ओथा वॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोलंबिया’सारख्या स्पेस शटल यानांच्या टेपा चाळल्या. यानाच्या मालकप्प्यातले कृष्णधवल टीव्ही कॅमेरे रात्री वादळांकडे वळवले जात. त्या चित्रणात क्षितिजाच्या कडेला हे झोत सापडले! ढगाच्या थेट वरून पाहिलं तर त्याच्या पोटातल्या लखलखाटात हा फिकट उजेड बुडून जातो. आडव्या नजरेनं पाहिलं तर तो काळ्या आकाशावर वेगळा उठतो. त्याचं आयुष्य काही मिलिसेकंदांचं, म्हणजे व्हिडिओच्या एखाद-दुसऱ्या चौकटीपुरतं. एकेक चौकट थांबवून बघणाऱ्या त्या माणसांच्या चिकाटीला मी कोणत्याही नव्या कॅमेऱ्यापेक्षा वरचं मानतो.

जानेवारी २००३ मध्ये अंतराळवीर इलान रामोन यांनी धूळ अभ्यासायला नेलेल्या कॅमेऱ्यानं हेच झोत, म्हणजे ‘स्प्राइट’, टिपले. यान तेच, ‘कोलंबिया’. कल्पना चावलाही त्याच मोहिमेवर होत्या. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि सातही जण गेले. आधीच रेडिओनं खाली पाठवलेली चित्रं तेवढी वाचली, आणि त्यांवर शोधनिबंध झाले.

सप्टेंबर २०१५ मध्ये अंतराळवीर आंद्रेआस मोगेनसेन यांनी अंतराळ स्थानकातून बंगालच्या उपसागरावरचं वादळ चित्रित केलं. १६० सेकंदांत ढगांच्या माथ्यावर २४५ निळ्या चमका मोजल्या गेल्या. एप्रिल २०१८ मध्ये स्थानकाच्या बाहेर खास याच कामासाठी युरोपचं ‘आसिम’ हे उपकरण बसवलं गेलं.