गडावर आधी पाणी

रायगडावर गेलेला माणूस राजसदर बघतो, बाजारपेठ बघतो, टकमक टोकावरनं खाली डोकावतो. तळ्यापाशी घटकाभर बसतो आणि उठतो. पण गडाचा जीव असतो तो तळ्यात.

१६५६ साली महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा हा रायरीचा डोंगर हाती आला. पुढं तीच राजधानी ठरली. बांधकाम हिरोजी इंदुलकरांकडं. एवढे वाडे उठवायचे तर दगड खालनं किती वाहणार? वरचाच काळा पाषाण फोडला, आणि जिथनं दगड निघाला तिथं तळी झाली, असं जाणकार सांगतात. म्हणजे वाड्याला दगड आणि वाड्यातल्या माणसाला पाणी, एकाच खाणीतनं.

मागल्या माघात आम्ही घरची सहा माणसं पाचाडहून पायी चढलो. १९९६ पासून रज्जुमार्ग आहे, पण नातीनं पायऱ्या मोजायचा हट्ट धरला. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या. पाचशेच्या पुढं तिची मोजणी चुकली. महादरवाजातून वर आलं की पहिला लागतो हत्ती तलाव आणि जरा पुढं गंगासागर. राज्याभिषेकाला आणलेल्या तीर्थांचं उरलेलं पाणी यात ओतलं, म्हणून हे नाव, असं सांगतात.

नात म्हणाली, "आबा, ह्याच्या वर डोंगरच नाय, मग पाणी येतं कुठनं?"

"आभाळातनं. चार महिने पडतं तेवढंच. ते धरलं तर आपलं, नायतर गेलं दरीत."

पाणी धरणं मात्र सोपं नाही. हत्ती तलाव मोठा, पण गळतीमुळं वर्षानुवर्षं कोरडा पडायचा. अलीकडं डागडुजी झाली तेव्हा पाणी ठरलं. विहीर खोदलेल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. खडकाला एक चीर असली तरी सगळी मेहनत पाझरून जाते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हे शास्त्र लिहून ठेवलंय. आधी पाणी बघावं, मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा मोक्याची असेल, तर आधी खडक फोडून तळी-टाकी पक्की बांधावीत. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात. शिवाय अडीनडीसाठी दोन-चार टाकी राखून ठेवावीत, त्यातलं पाणी रोज खर्चू नये. आमच्याकडं बियाण्याची कणगी अशीच राखतात. पोटाला कमी पडलं तरी तिला हात लावत नाहीत.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावरचे वाडे जळाले. आज तिथं जोती उरलीत. गंगासागरात पाणी आहे.

जगदीश्वराच्या देवळापाशी हिरोजींचा संस्कृत शिलालेख आहे. गडावर काय काय उभं केलं ते त्यात मोजलंय. त्या यादीत विहिरी आणि तळी आधी येतात, राजाचे वाडे मागनं. धाकट्यानं अर्थाची पाटी वाचून दाखवली, तेव्हा आमच्या घरच्या मंडळी एवढंच म्हणाल्या, "आपल्या गावात कमान आधी झाली."

आमच्याकडं चैत्रात टँकर येतो. तो त्याच कमानीखालनं आत येतो.