लाकूड काळं करणारं पाणी

केळफूल लोखंडी विळीवर चिरलं की बोटं काळी पडतात. आवळा लोखंडी कढईत भिजत घातला की त्याचा केसांना लावायचा कलप होतो. लाकूड काळं करायची घरगुती कृतीही याच कुळातली. वनस्पतीतलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळा रंग जन्मतो.

या जोडीचा एक जुना लेखी दाखला लबाडी पकडण्याचा आहे. महागड्या जंगालात (तांब्याच्या हिरव्या गंजात) स्वस्त हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मिसळलाय का, हे ओळखायला माजूफळाच्या पाण्यात भिजवलेला पपायरस वापरावा, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलं. भेसळ असली की कागद तिथेच काळा पडे. पुढे माजूफळ आणि हिराकस याच जोडीच्या शाईने युरोपने शतकानुशतकं लिहिलं. जपानी स्त्रिया लोखंड आणि टॅनिनच्याच जोडीने दात काळे करत; १८७० साली सरकारने उमराव घराण्यांना हे बंद करायला सांगितलं. आंध्रातले कलमकारीवाले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवतात आणि कापड आधी हिरडा व म्हशीच्या दुधात बुडवतात. दुधामुळे रेघ फुटत नाही.

लाकडाच्या बाबतीत हेतू सरळ नकलेचा होता. आबनूस हे काळं लाकूड महाग, म्हणून युरोपातले सुतार साध्या लाकडाला त्याचा रंग देत. गंमत म्हणजे नक्कल पुढे स्वतःच मिरवू लागली. इंग्रज डिझायनर एडवर्ड गॉडविनने १८६७ साली आखलेला काळ्या महोगनीचा साइडबोर्ड आबनुसाचं सोंग आणत नाही. गॉडविनला काळेपणाच हवा होता. मला ही पिढी जास्त आवडते.

घरी करायचं तर गंजके खिळे किंवा फॅब्रिकेटरकडचा लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये टाकून आठवडाभर ठेवावा. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी चालत नाही, ती व्हिनेगरला दाद देत नाही. बरणीचं झाकण घट्ट लावू नये, आत हायड्रोजन तयार होतो. गाळलेलं पाणी अगदीच फिकट दिसतं आणि फसल्यासारखं वाटतं. पण बाभळीच्या फळीवर ब्रश फिरवला की आधी राखाडी, मग निळसर आणि हवा लागेल तसा गडद काळा रंग चढत जातो. हा थर वर बसत नाही, तो लाकडातल्याच टॅनिनपासून तिथल्या तिथे बनतो. म्हणून नखाने खरवडून निघत नाही आणि रेषाही झाकल्या जात नाहीत.

पॅकिंगच्या खोक्याचं पाइन मात्र राखाडीच राहतं, त्यात टॅनिन फारसं नसतं. त्याला आधी कडक कोऱ्या चहाचा हात देतात. काष्ठौषधींच्या दुकानातला हिरडा उकळून लावला तर चहापेक्षा कितीतरी दाट रंग येतो. हाच हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतले आदिवासी गोळा करतात, आणि कातडी कमावणाऱ्यांना तो लागतो तोही टॅनिनसाठीच.