‘शीळ’ : पुस्तकाच्या आधी पोहोचलेलं गाणं

नवरात्रात टेंभी नाक्यावर स्पीकरवर जी गाणी लागतात, ती कोणाच्या आवाजात आहेत हे लहान पोरही सांगेल. लिहिली कोणी, असं विचारलं की मोठी माणसंसुद्धा एकमेकांकडे बघतात. ही सवय आपल्याला कधी लागली, हे शोधत आपण आज १९३२ सालात जाणार आहोत. त्या साली ‘शीळ’ या गाण्याची तबकडी एच.एम.व्ही.ने काढली. गायक गोविंदराव ऊर्फ जी. एन. जोशी, कवी ना. घ. देशपांडे. दोघंही १९०९ सालचे. म्हणजे वय बावीस-तेवीस!

त्या वेळी मराठी तबकडी म्हणजे मुख्यतः नाट्यपद. आधी रंगभूमीवर गाजायचं, मग फोनोवर वाजायचं. बोलपट नुकता आलेला. ‘अयोध्येचा राजा’ त्याच वर्षीचा. दुसरीकडे पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने कविता चालीवर म्हणून दाखवायची गोडी लावली होती. यशवंत, गिरीश यांचं काव्यगायन ऐकायला लोक गर्दी करायचे. पण ते सभागृहापुरतं. त्याच्या बाहेर कविता पोहोचायची ती मासिकातून, शाळेच्या पुस्तकातून.

‘शीळ’ला यातलं काहीच नव्हतं. मागे नाटक नाही, सिनेमा नाही, कवीचं नाव नाही. ना. घ. मूळ बुलढाणा जिल्ह्यातले, मेहकर तालुक्यातले. ही कविता १९२९ची, म्हणजे विशीतली. रानात घुमलेली शीळ ऐकून कासावीस झालेली खेड्यातली बाई त्यात बोलते, आणि बोलते ती तिच्या बोलीत. आता गंमत बघा, हे गाणारा गळा तरुण पुरुषाचा! कोणाला ते खटकलं नाही. बालगंधर्वांवर वाढलेल्या श्रोत्यांना का खटकावं?

आमच्या मते या गाण्याच्या यशाचं निम्मं श्रेय तबकडीच्या मापाला आहे. ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. नाट्यपद गाणाऱ्याला ती अडचण वाटायची. ताना कुठे घालायच्या? छोट्या कवितेला मात्र ते माप अंगच्या कपड्यासारखं बसलं. जोशींनी शब्द पुढे ठेवले, गाणं त्यांच्या मागून चालवलं. पुढे ज्याला आपण भावगीत म्हणू लागलो, त्याची ही पहिली तबकडी मानली जाते. पहिली कोणती या वादात आम्हाला फारसा रस नाही. कोणाही कवीची कविता आता छापील पानाला वळसा घालून घराघरात जाऊ शकते, हे तिने दाखवलं, ते जास्त मोठं.

तीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये काय चाललं होतं? १९६१ साली बॉबी व्ही या अठरा वर्षांच्या गायकाचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लिहिणारे कॅरोल किंग आणि गेरी गॉफिन, तेही जेमतेम विशीतले. पण तिथे गीतकार हा कामावर जाणारा माणूस होता, गायकासाठी गाणं तयार करून देणारा. मेहकरच्या तरुणाने कोणासाठीच लिहिलं नव्हतं. कविता आधीच होती, आवाज नंतर भेटला.

आणि मग दोघांच्या वाटा पाहा. जोशी एच.एम.व्ही.तच ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले, काचेच्या पलीकडे जाऊन बसले. मोठमोठ्या गवयांना त्यांनी तबकडीवर आणलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्यांच्याच देखरेखीखाली झाली. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचं आठवणींचं पुस्तक जरूर वाचा.

तबकडीमुळे मराठीत गीतकार नावाचा वेगळा माणूस उभा राहिला. ठाणेकरांना दूर जायला नको, आपले पी. सावळाराम त्यातलेच. लता मंगेशकरांचा आवाज, वसंत प्रभूंची चाल आणि सावळारामांचे शब्द. या गावाने त्यांना नगराध्यक्ष केलं, महापालिका त्यांच्या नावाने पुरस्कारही देते. असं भाग्य किती गीतकारांच्या वाट्याला येतं?

ना. घ. मात्र त्या वाटेला गेले नाहीत. मेहकरला वकिली करत राहिले, लिहीत राहिले, तेही सावकाश. पहिला संग्रह आला १९५४ साली, तबकडीनंतर तब्बल बावीस वर्षांनी. तोवर गाणं ऐकणाऱ्यांची एक पिढी मोठी झाली होती. दुसरा संग्रह ‘अभिसार’ १९६३चा. ‘खूणगाठी’ १९८५चा, त्याला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे एका गाण्याचा कवी म्हणून त्यांना बाजूला ठेवणं अन्यायाचं आहे, आणि तो आपण श्रोत्यांनीच केला आहे. पण त्या पहिल्या संग्रहाचं नाव त्यांनी स्वतः काय ठेवलं? ‘शीळ’.